व्रत आणि मोजदाद

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामांत सायंप्रार्थनेच्या वेळीं हजेरी होई, तेव्हां प्रत्येक आश्रमवासी त्या दिवशीं आपण किती तार सूत कातलें तो आंकडा सांगे. व्रत घेणारांवर विश्वास नव्हता काय? होता, परंतु मोजदादीनें व्रताचा अपमान होतो, असें तेथें कोणी मानीत नसे.

१९९६ च्या अणुचांचणीबंदीच्या कराराचेंही असेंच आहे. स्फोट भूगर्भांत केला तरी झेनॉन वायु फटींतून निसटतो. २००६ सालीं उत्तर कोरियांतील स्फोटानंतर सुमारें दोन आठवड्यांनीं तो कॅनडांतील यलोनाइफ येथें सांपडला. वाऱ्याची वाट गणकयंत्रावर उलट मांडली, तेव्हां तो तेथूनच आला असावा असें दिसलें. अर्थात् औषधी किरणद्रव्यांच्या कारखान्यांतूनही हाच वायु निघतो. एकट्या वाऱ्याच्या साक्षीवर कोणास दोषी ठरवितां येत नाहीं.

आमच्या देशानें या करारावर सही केलेली नाहीं. करार पक्षपाती आहे, हा आक्षेप आम्हांस पोकळ वाटत नाहीं. पण १९५४ सालीं चांचण्या थांबवा म्हणणारे नेहरू आमचेच, आणि १९७४ व १९९८ चें पोखरणही आमचेंच. सेवाग्रामच्या त्या हजेरींत आमचें नांव पुकारलें गेलें, तर कोणता आंकडा सांगावा, हें आम्हांस अद्याप सुचलेलें नाहीं.