काढलेली कामे

मराठीत घरातले काम 'काढतात'. सुरू केले असे कोणी म्हणत नाही. "काम काढलंय वाटतं?" असे जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारतो आणि मी "हो ना, जरा काढलंय" असे म्हणते. ट्रंकेतून शालू काढावा तसे आपण काम बाहेर काढतो. पण शालू निदान घडी घालून परत ठेवता येतो. आमच्याकडे गेल्या सहा वर्षांत जी जी कामे काढली ती तशीच बाहेर आहेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आता त्यांना घरची माणसे म्हणून मान्य करून टाकले आहे.

बाल्कनीतल्या भिंतीचेच घ्या. तिला लांबी भरून झाली, पॉलिश पेपर मारून झाला, प्रायमरचा एक हात झाला आणि पाऊस आला. पावसाळ्यात रंगकाम करू नये हे मला कळते, म्हणून दिवाळीपर्यंत थांबले. दिवाळीत पाहुणे येणार म्हणून संक्रांतीपर्यंत थांबले. मग थांबण्याची सवय झाली. भिंतींचा रंग हा असा मळकट पांढराच असतो असे माझ्या धाकट्याला वाटते, कारण तो बोलायला लागल्यापासून ती तशीच आहे. ओट्याखालच्या कपाटाचे दार एका बिजागरीवर उभे आहे. दुसरी बिजागरी आणलेली आहे, डब्यात आहे, डबा त्याच कपाटात आहे. ते दार किंचित उचलून डावीकडे ढकलले की उघडते. नव्या माणसाला दोन दिवसांत जमते. सासूबाईंच्या सुती साड्यांची गोधडी तीन हात शिवून झाली आहे आणि सुई तिच्यातच टोचलेली आहे. शिवाय जुन्या बाजारातून आणलेले एक सागवानी दार आहे. त्याचे पुस्तकांचे शेल्फ करायचे म्हणून मी ते मधोमध कापले. सध्या ते दारही नाही आणि शेल्फही नाही. भिंतीला टेकून दोघांची वाट पाहत उभे आहे.

या पसाऱ्यात आमची शाळा भरते.

म्हणजे असे, की माझी थोरली दहा वर्षांची आणि धाकटा सात वर्षांचा, आणि दोघेही शाळेत जात नाहीत. थोरली पहिलीत असताना रोज सकाळी सव्वासात वाजता तिच्या पोटात दुखायचे आणि रविवारी दुखायचे नाही. डॉक्टर झाले, हिंग-ओवा झाला. शेवटी ह्यांनी आणि मी ठरवले, की घरीच शिकवू. तेव्हापासून आमच्या सोसायटीत मला दोनच प्रश्न विचारले जातात. "मग दिवसभर करतात काय?" हा पहिला. "आणि कायद्याला चालतं का हे?" हा दुसरा. दुसरा प्रश्न तळमजल्यावरचे निवृत्त वकीलकाका दर तीन महिन्यांनी विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात. २००९ चा शिक्षणहक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून अमलात, कलम दहा : मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य. एवढे सांगून ते थांबतात आणि मग हळू आवाजात, जणू पेढा द्यावा तसे, पुढचे वाक्य देतात : "शिक्षा मात्र ठेवलेली नाही हो, पालकांना." मी आभार मानून जिना चढते. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून परीक्षा देता येते, दहावीला चौदा वर्षे पूर्ण लागतात, हे सगळे मी पाठ केले आहे. पाठांतराविरुद्ध असलेल्या बाईने एवढे पाठांतर करावे लागणे ही गंमतच.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला आवडायचे. दिवसभर करतात काय? अहो, भिंत रंगवायची म्हटली की त्यात काय नाही! दहा बाय बाराची खोली, उंची नऊ फूट. चारी भिंती मिळून तीनशे शहाण्णव चौरस फूट. दार एकवीस, खिडकी सोळा, ते वजा. उरले तीनशे एकोणसाठ, रंगाचे दोन हात म्हणजे दुप्पट. थोरलीने हा हिशेब नऊव्या वर्षी न चुकता केला होता. रंग लागला नाही हा भाग वेगळा. दाराचे शेल्फ करताना मिस्त्री आले होते, त्यांनी तीन, चार आणि पाच फुटांवर सुतळीला गाठी मारून काटकोन काढून दाखवला. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत जे आहे तेच, फक्त मिस्त्रींच्या तोंडात तंबाखू होती. धाकट्याने त्या दिवशी ओळंबा घेऊन सगळे घर तपासले आणि जाहीर केले, की आमची पूर्वेकडची भिंत पाऊण इंच कललेली आहे आणि एकही कोपरा गुण्यात नाही. "म्हणजे आपण गुण्यागोविंदाने राहत नाही," असे थोरली म्हणाली. असे विनोद शाळेत शिकवत नाहीत, असे मला वाटले आणि मी ते चार जणींना सांगितले.

सासूबाई या सगळ्यावर फारसे बोलत नाहीत. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहेतीस वर्षे शिक्षिका होत्या. एका खोलीत दोन-दोन वर्ग, एका भिंतीला दुसरी, एका भिंतीला तिसरी. सुरुवातीला एकदाच बोलल्या. तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "याच पुण्यात १८४८ साली सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेललं, मुलींनी शाळेत यावं म्हणून. आणि आपण मुलीला शाळेतून काढतोय."

माझ्याकडे उत्तर तयार होते. म्हटले, "आई, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी तरी काय केलं? शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली."

"नेली ना. ज्यांच्या दारात शाळा नव्हती त्यांच्या दारात नेली. तुझ्या दारावरून पाच शाळांच्या बस जातात." एवढे म्हणून त्यांनी एक खडा बाजूला काढला. नंतर त्यांनी धाकट्याला बाराखडी शिकवली, आणि खरे सांगायचे तर आमच्या घरात पूर्ण झालेले तेवढे एकच काम आहे.

तर गोष्ट गेल्या फेब्रुवारीतली. धाकट्याने सातचा पाढा सात सख्खं बेचाळीसवर सोडून दिला आणि तो गांडुळांच्या कुंडीकडे निघाला. मी म्हटले, "अरे, हाती घेतलेलं काम पुरं करावं." तो थांबला. माझ्याकडे पाहिले नाही त्याने. भिंतीकडे पाहिले, मग कपाटाकडे, मग त्या उभ्या सागवानी दाराकडे, आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला, "बरं."

त्या 'बरं'मुळे मला दोन दिवस झोप नाही. शाळेतल्या शिक्षकांना केवढे सुख आहे पाहा. आमच्या गणिताच्या सरांची दर महिन्याला उधारी असे, असे पुढे मोठेपणी कळले. पण वर्गात त्यांनी सरळव्याज शिकवले तेव्हा ते आम्हांला व्याजासारखेच सरळ वाटले. मास्तर घंटा झाली की निघून जातो आणि त्याचे उरलेले आयुष्य विद्यार्थ्याला दिसत नाही. घरी शिकवणाऱ्या आईला घंटा नाही. तिने 'खोटे बोलू नये' शिकवायचे आणि अर्ध्या तासाने त्याच पोरांसमोर फोनवर "अगं, बाहेर आहे मी" म्हणायचे. आपण स्वतः पाळत नाही ते दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे का, या प्रश्नावर मोठमोठ्यांनी लिहिले आहे. आजारी डॉक्टरचे औषधही लागू पडते, असा एक युक्तिवाद मी रात्री दोन वाजता शोधला. पण तो डॉक्टर रोग्याच्या घरात, रोग्यासमोर, दिवसभर भजी खात बसलेला नसतो.

हे प्रकरण मी भिंत रंगवून मिटवणार होते. रंगाचा डबासुद्धा आणला. पण त्याच आठवड्यात थोरली म्हणाली, "आई, मला शाळेत जायचंय."

मी पुस्ती काढत होते तो हात तसाच राहिला. कारणे मी आधीच मनात मांडली : मैत्रिणी हव्या असतील, गणवेश आवडला असेल, खालच्या मजल्यावरची मुलगी डबा दाखवत असेल. म्हटले, "का गं?"

"तिथे सगळं संपतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तास संपतो. घंटा होते. मग दुसरा तास. मग शाळा संपते. परीक्षा संपते आणि सुट्टी लागते. आपल्याकडे सुट्टी लागतच नाही, कारण शाळाच संपत नाही." मग जरा थांबून, "मी पण तुझं काढलेलं कामच आहे ना?"

तिने हे रागाने विचारले नाही. तिला फक्त माहिती हवी होती. ही सवय मीच लावलेली.

जॉन स्टुअर्ट मिलची गोष्ट मी पूर्वी लोकांना आमच्या बाजूने सांगत असे. शाळेचे तोंड न पाहिलेला मुलगा, बापाने घरी शिकवला, तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन. पुढची गोष्ट मी सांगत नसे. १८२६ साली, विसाव्या वर्षी, त्याने स्वतःला विचारले, की आपण ज्यासाठी झटतो आहोत ते सगळे साध्य झाले तर आपल्याला आनंद होईल का? आतून उत्तर आले, नाही. पुढे कित्येक महिने तो काळोखात होता. बापाचे काम तर उत्तम झाले होते, अगदी दोन्ही बिजागऱ्यांसकट. आणि या मिलच्या १८७३ साली निघालेल्या आत्मचरित्रात आईचा उल्लेख जवळजवळ नाहीच, हे मला त्या रात्री पुन्हा आठवले ते काही बरे झाले नाही.

माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असे कांटने १७८५ साली लिहून ठेवले आहे. तो तरुणपणी लोकांच्या घरी जाऊन मुलांना शिकवायचा, तेव्हा त्याला थोडा अनुभव होता. लग्न मात्र केले नाही, त्यामुळे स्वतःच्या पोटच्या पोराला आपण साधन केव्हा करतो हे आपल्याला कळते तरी का, यावर तो काही सांगत नाही. पोटदुखी खरी होती. ती थांबली हेही खरे. पण गेली दोन-तीन वर्षे मी "आमची शाळेत जात नाही" हे वाक्य ज्या आवाजात म्हणते, तो आवाज मी ओळखते. माझी मावशी "आमचा बोर्डात आला" हे याच आवाजात म्हणायची. आणि गुण्यागोविंदाचा तो विनोद थोरलीचा होता. मी तो चार जणींना सांगितला तेव्हा कोणाचे कौतुक करून घेत होते?

दुसरी अडचण याहून साधी होती. मुलाच्या कलाने घ्यावे, एवढ्या एका वाक्यावर आमची शाळा उभी आहे. भागाकार नको, बेडूक हवा, म्हटल्यावर मी बेडूक दिला. कविता नको म्हणाली तेव्हा कविता मिटवून ठेवली. आता तिचा कल शाळेकडे आहे. इथे मात्र "अजून लहान आहे, तिला काय कळतंय" म्हणायचे, तर आजवर जे दिले ती मोकळीक नव्हती. माझ्या अंगणापुरता सैल सोडलेला दोर होता तो.

ह्यांना सांगितले. ते म्हणाले, "पुन्हा पोट दुखलं तर?" हा प्रश्न खराच होता आणि अजूनही आहे. सासूबाईंना सांगितले. मला वाटले, त्या आता सावित्रीबाईंचे नाव घेणार. त्या म्हणाल्या, "वर्गात पंचेचाळीस मुली असतील. तिचा बेडूक बघायला बाईंना वेळ नसेल, हे तिला आधी सांग." मी सांगितले. थोरली म्हणाली, "बेडूक मी घरी येऊन बघीन."

वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो, परीक्षा घेता येत नाही, ही कलमे वकीलकाकांनी आनंदाने काढून दिली. अर्जात 'यापूर्वीची शाळा' असा रकाना होता. मी बराच वेळ पेन धरून बसले होते. थोरलीने अर्ज ओढून घेतला आणि वळणदार अक्षरात 'घर' असे लिहिले. 'शाळा सोडण्याचे कारण' हा पुढचा रकाना तिने माझ्याकडे सरकवला. तो मी कोरा ठेवला. खिडकीवरच्या बाईंनीही काही विचारले नाही.

जूनच्या मध्यावर शाळा उघडते. थोरलीला दप्तर आणि पुस्तके ठेवायला जागा हवी, म्हणून परवा मी ते सागवानी दार आडवे घातले. मिस्त्रींकडून रंधा आणला. धाकट्याने खालून धरले, थोरलीने मापे घेतली. काल रात्री फेविकॉल लावून दोन्ही बाजूंनी दोरी आवळली आणि आज सकाळी सोडली. शेल्फ पूर्वेच्या भिंतीला लावले तेव्हा वरच्या बाजूला पाऊण इंचाची फट दिसायला लागली. मी पाचर शोधायला उठले.

"राहू दे आई," थोरली म्हणाली, आणि पहिले पुस्तक ठेवले.

"नीट बसलं नाहीये ते."

"शेल्फ नीट आहे. भिंतच तशी आहे."

धाकटा तेवढ्यात रंगाचा डबा उघडत होता. फेब्रुवारीत आणलेला, वर साय धरलेली. मी म्हटले, "अरे, आता पाऊस येईल." तो म्हणाला, "मग एकच हात देऊ."