भाकरी म्हणजे काय?

समजा, बार्शीकडच्या एखाद्या गावातल्या चौथीच्या मुलीला पोलंडमधल्या तिच्याच वयाच्या मुलाला कळवायचंय, की तिने आज सकाळी भाकरी खाल्ली. बाई सांगतील, ‘ब्रेड’ लिही. ती लिहील. तिकडे तो जाड सालीचा, सुरीने कापायचा पाव डोळ्यांसमोर आणेल आणि विषय संपेल. पण त्याने उलट विचारलं, की तुम्ही तो कुठल्या दुकानातून आणता, तर? मग तिला सांगावं लागेल: ज्वारी दळून आणतो, पीठ काठवटीत घेऊन गरम पाण्याने मळतात, हाताने थापतात, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतात, उलटतात, शेवटी विस्तवाला लावली की टम्म फुगते. पाण्याचा हात कशासाठी, इथे तिची लेखणी अडेल. ती घरी जाऊन आईला विचारेल. रोज पाहिलेली गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघेल.

दोन देशांतल्या प्राथमिक शाळांनी एकमेकींशी जोडून घ्यावं, या कल्पनेत मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे अडणं. आपल्याकडे मूल ‘माझी शाळा’ लिहितं ते बाईंसाठी, आणि बाई त्याच शाळेत उभ्या असतात. त्यांना सगळं ठाऊक आहे, हे मुलालाही ठाऊक असतं. मग ‘माझी शाळा मला खूप आवडते’ याच्या पुढे लिहायचं कशाला? लाल पेनाला शुद्धलेखन हवं असतं, माहिती नको असते. न जाणणारा वाचक समोर आला, की लिहिण्याला काम मिळतं.

हे फ्रान्समधल्या एका खेडवळ मास्तरांना शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं. सेलेस्तँ फ्रेने त्यांचं नाव. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाली, वर्गात फार वेळ बोललं की दम लागायचा. 1920च्या दशकात दक्षिणेकडच्या बार-स्युर-लू गावात त्यांनी वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलांनी स्वतःच्या गोष्टी लिहायच्या, शिशाचे उलटे खिळे एकेक करून जुळवायचे, छापायचं. छापलेलं पाठवायचं कुठे? दूर ब्रिटनी किनाऱ्यावरच्या त्रेगँक इथल्या शाळेत तसेच एक मास्तर होते. डोंगरातली पोरं आणि समुद्राकाठची पोरं टपालाने एकमेकांना वाचू लागली. देश एकच, पण इकडच्यांना भरती-ओहोटी म्हणजे काय ते तिकडच्यांनी सांगायचं. आज ज्याला मोठ्या तोऱ्यात डिजिटल भागीदारी म्हणतात, तिचा सांगाडा इथे पुरा तयार आहे. वीज तेवढी नव्हती.

युरोपात 2005च्या जानेवारीत ‘ई-ट्विनिंग’ सुरू झालं ते याच सांगाड्यावर. पैसे वाटणारी ती योजना नव्हे. दोन शिक्षकांनी एकमेकांना शोधायचं, प्रकल्प ठरवायचा आणि बाहेरच्यांना न दिसणाऱ्या एका ऑनलाइन खोलीत मुलांनी मिळून काम करायचं. नोंदणी केलेल्या शिक्षकांचा आकडा पुढे दहा लाखांवर गेला. गंमत म्हणजे हा कारभार बराचसा इंग्रजीत चालतो, आणि ब्रिटन मात्र 2020 अखेर इरॅस्मस या युरोपीय संघाच्या शिक्षण-योजनेतून बाहेर पडलं तेव्हा यातूनही निघालं. इटलीचं आणि पोलंडचं मूल इंग्रजीत बोलतं तेव्हा दोघंही सारखीच चुकतात, म्हणून दोघंही लाजत नाहीत. घरात इंग्रजी बोलणारं कुणी समोर असलं, की तराजू एका बाजूला झुकतो. आपली जिल्हा परिषद शाळा लंडनच्या शाळेशी जोडली गेली तर तसंच होईल. आपली मुलं भाषा शिकतील, त्यांची मुलं आपली ‘संस्कृती’ बघतील. ती भागीदारी कसली? ते प्रदर्शन झालं.

डिजिटल कौशल्याबद्दलही एक सांगायला हवं. पडद्यावर बोट फिरवणं मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. पण मराठी टंकायला बसवा. ‘क्ष’ काढायला आधी क, मग पाय मोडायचा, मग ष. बाराखडीच्या तक्त्यात ‘क्ष’ हे एक चित्र असतं. कीबोर्डवर ते दोन अक्षरांत सुटं होतं. फ्रेनेच्या मुलांना उलट्या खिळ्यांनी जे शिकवलं, तेच इथे कळ शिकवते. शिवाय कुणाचा फोटो पाठवताना त्याला विचारायचं, घरचा पत्ता लिहायचा नाही, हेही हाती काम असतानाच कळतं. भाषांतराच्या ॲपचा मात्र जपून वापर करावा. ते भाकरीचं ‘ब्रेड’ करून मोकळं होईल आणि अडायची संधीच हिरावून घेईल.

आपल्याकडे हे काहीच घडलं नाही असं नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. गाजले ते पुरस्काराचे दहा लाख डॉलर आणि त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेले क्यूआर कोड. भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाइन अशा वैरी देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलायला बसवणारा त्यांचा उपक्रम मला त्याहून धाडसाचा वाटतो. आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडिवाटच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांना विचारलं, परदेशी भाषा कोणती शिकायची? बहुतेकांना यंत्रमानवांचं वेड, म्हणून त्यांनी जपानी निवडली. भाषा अशी ओढीने यावी लागते. ‘इंग्रजी आलंच पाहिजे’ या धाकाने ती येते, पण तोंड उघडत नाही.

मात्र परदेशाचीच वाट बघायची गरज नाही. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या सरकारी योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. माझ्या पाहण्यात तरी तिचा उपयोग बहुधा एका दिवसाच्या नाचगाण्यापुरता होतो. तिकडच्या चौथीतलं मूल उन्हाळ्यात पखाळ खातं. पाण्यात ठेवून आंबवलेला भात, एवढ्याने आपल्या मुलांचं समाधान होऊ नये. त्यांनी दहा प्रश्न विचारावेत आणि भाकरीवरचे दहा झेलावेत. दोघांनाही मोडक्यातोडक्या हिंदीत लिहावं लागेल, म्हणजे तराजू सरळ. शिक्षक मित्रांनो, तुमच्या शाळेचा संगणक बंद असेल, वायफायचं बिल थकलं असेल, तरी या सत्रात एका वर्गापुरतं करून बघा. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं.