मांडव्यांनी ओढलेली रेघ

लहानपणी किड्यांना गवताची काडी टोचली, म्हणून मांडव्य ऋषी सुळावर चढले. ते थेट यमधर्मावरच उखडले: १४ वर्षांपर्यंत पाप धरायचं नाही! त्यांच्या शापानं यम दासीपोटी विदुर होऊन जन्मला. महाभारतातला हा तंटा बाल न्याय मंडळाच्या परिवीक्षा अधिकाऱ्यापुढे आजही येतो.

सामाजिक तपास अहवालाला मुदत १५ दिवस. अधिकारी आरोपी पोराच्या घरी, पत्र्याच्या खोलीत टेकतो. आई चहाचं आधण ठेवते. पोराची शाळा का सुटली विचारलं, की स्टोव्हला पंप मारत राहते.

मग कर्म नेमकं कुणाचं?

२०१५चा बाल न्याय कायदा अठराखालच्यांचा हेतू निर्मळ धरतो. मात्र सोळा ओलांडलेल्यानं निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याची समज जोखतं. मांडव्यांनी निदान एकच रेघ ओढली होती!

'घरची परिस्थिती' यापुढे अधिकारी लिहितो: आई, धुणीभांडी. पेन तिथंच थांबतं.