दोन बटनं

माझा भाचा आयटीआय करून चाकणला गेला. यवतमाळहून रात्रीची ट्रॅव्हल्स धरली की सकाळी पुणं. आमच्या घाटंजी तालुक्यातली बरीच पोरं त्याच वाटेनं गेली. "मामा, पत्र्याचं काम हाय," एवढंच त्यानं फोनवर सांगितलं होतं. 2018 च्या दिवाळीनंतर तो परत आला, तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. अंगठ्याजवळचं आणि मधलं.

पत्र्याचं काम काय असते, ते मी त्याच्याकडूनच समजून घेतलं. खाली डाय, वर पंच, मध्ये पत्रा सरकवायचा. पंच खाली आला की पत्र्याला भोक पडते, नाही तर पत्रा डायचा आकार घेतो. मोटारसायकलचे ब्रॅकेट असेच निघतात, आणि आपण जेवतो ते स्टीलचं ताटही. जुन्या प्रेसमध्ये एकदा क्लच लागला की चक्कर पुरी झाल्याशिवाय पंच थांबत नाही. म्हणून मशीनला दोन बटनं देतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली, तरच पंच खाली येतो. हात बटनावर, म्हणजे बोट डायमध्ये नाही. इतकी साधी युक्ती.

भाच्याच्या मशीनचं एक बटन मात्र लाकडी पाचर ठोकून कायमचं दाबून ठेवलेलं होतं.

"पाचर कोणी ठोकली?" मी विचारलं.

तो खाली पाहत म्हणाला, "मीच. दोन्ही बटनं दाबत बसलो तं नग पुरे होत नाई, मामा. अन् नग नाई तं पैसे नाई."

सुपरवायझर रोज तिथून जायचा. पाचर काढ, असं तो एकदाही बोलला नाही. नग किती झाले, तेवढंच विचारायचा. बोटं गेल्यावर मात्र सगळे म्हणाले, चूक पोराचीच.

तेव्हा 1923 चा कामगार भरपाईचा कायदा होता. त्याला जोडलेल्या तक्त्यात शरीराचा भाव लिहिला होता. अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के गेली असं धरायचं. अंगठ्याजवळचं बोट 14, मधलं 12. पण एका हाताची दोन बोटं गेली तर 20. मी दहावी शिकलेला माणूस. 14 आणि 12 मिळून 26 होतात, एवढं मला येते. दोन बोटं एकदमच गेली तर स्वस्त पडतात. तरी भरपाई मिळते, हे बरंच. पण बोटाची किंमत ठरली म्हणजे दोष कोणाचा, हे ठरत नाही.

बहिणीसमोर मी त्या कारखानदाराला खूप बोललो. 1948 च्या कारखाना कायद्यात धोक्याच्या भागाला आडोसा पाहिजे असं लिहिलं आहे, तुम्ही काय केलं, वगैरे. बोलता बोलता मला 2017 चा पावसाळा आठवला आणि माझं तोंड बंद झालं.

त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली. शेकडो दवाखान्यात पडली. तेव्हाही लोक म्हणालेच, हातमोजे घातले नाहीत, तोंडाला बांधलं नाही. माझ्या वावरात फवारणारा माणूस वाचला, पण दोन दिवस त्याला नीट दिसत नव्हतं. मी त्याला पंपामागे पैसे देत होतो. हातमोजे आणून बंडीवर ठेवले होते. सकाळी तो म्हणाला होता, "दादा, हे घालून काम मंद होते. पंप कमी झाले तं पैसे कमीच देसान ना?" मी म्हटलं, "तुझं तू पाहा." आणि चहा प्यायला घरी आलो.

सुपरवायझरनं याहून वेगळं काय केलं?

पोराचा दोष नाही, असं मी म्हणत नाही. पाचर त्याच्याच हातानं ठोकली गेली. पण ज्यानं हिशोब असा लावला की जपून काम करणारा उपाशी राहील, त्यानं ती पाचर आधीच ठोकलेली असते. हातमोजे देणं सोपं आहे. ते घालून जेवढं काम होईल, तेवढ्याचे पुरे पैसे देणं कठीण. खरी जबाबदारी तिथं सुरू होते. ती कारखानदाराची, आणि पाच एकरवाल्या माझ्यासारख्याचीही.

आता मी फवारणीची मजुरी दिवसाच्या हिशोबानं देतो. खर्च वाढतो, गावातले काही जण नावं ठेवतात. भाचा घरीच आहे, आठ बोटांनी वावरातली सगळी कामं करतो. फवारणीच्या दिवशी धुऱ्यावर उभा राहून तोच प्रत्येकाचे हातमोजे तपासतो.

आणि खरं सांगतो, दुपारी अकरा वाजले की अजूनही माझ्या मनात पहिला आकडा येतो तो पंपांचाच.