देहांतील पहारा व मंडळींतील पहारा
वाचनाचा भाग : यहोशवा, अध्याय ९



गिबोनी लोक फाटके जोडे घालून व बुरसटलेली भाकर घेऊन यहोशवाकडे आले, आणि शेजारचे असून दूर देशचे भासले. इस्राएलाच्या वडिलांनीं शिदोरी तपासली. परमेश्वरास मात्र विचारलें नाहीं. कर्करोग याच्या उलट सोंग घेतो. तो घरचाच असतो, आणि वैरी झाल्यावरही घरचाच दिसतो.

देवानें आमच्या देहांत पहारा ठेविला आहे. रक्तांतील कांहीं पांढऱ्या पेशी, ज्यांस टी-पेशी म्हणतात, त्या अंगभर फिरून झडती घेतात. जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या पोटांत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे बाहेर मांडून ठेविते. जणूं घरांत काय शिजतें तें ओट्यावर दाखविते. तुकडा ओळखीचा असला तर टी-पेशी पुढें जाते, विपरीत असला तर त्या पेशीचा नाश करिते. परंतु बिघडलेली पेशी लबाडी शिकते. कधीं ती ते तुकडे मांडण्याचेंच सोडून देते. (तेव्हां एन-के नांवाचे दुसरे पहारेकरी, जिच्या दारीं कांहींच मांडलेलें नाहीं, तिजवरच संशय घेतात. ही योजना पाहून आम्हांस फार आश्चर्य वाटतें.) कधीं ती टी-पेशीच्या अंगावरील लगामच खेंचून धरिते, आणि पहारेकरी जवळ असूनही स्वस्थ उभा राहतो.

लगाम वाईट नव्हे. तो नसता तर पहारेकरी निरोगी मांसावरच तुटून पडते. अमेरिकेंतील जेम्स ॲलिसन व जपानांतील तासुकू होंजो यांनीं असे दोन लगाम कसे चालतात हें दाखवून ते सैल करण्याचा मार्ग मोकळा केला, म्हणून २०१८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्या औषधांनीं कित्येक रोगी वर्षानुवर्षें जगले. पुष्कळांस गुण आला नाहीं, आणि कित्येकांच्या आंतड्यांस व फुप्फुसांस त्यांच्याच पहारेकऱ्यांनीं इजा केली.

मंडळींतही असेंच घडतें. एखादा जुना पंच विधवेचें शेत गिळतो, तरी सुगीच्या उपासनेंत सर्वांत मोठें दान त्याचेंच असतें. मग "आपलाच माणूस" म्हणून सुवार्तिकाचा हात आंखडतो. करिंथ येथील मंडळीस पौलानें दोष लाविला तो अशाच गप्प बसण्याबद्दल. उलटपक्षीं, चहाडीवरून एखाद्या सुनेस प्रभुभोजनापासून दूर ठेवणारी मंडळी निरोगी मांस खाते, असें आमचें मत आहे. प्रभूनें मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत अगोदर एकट्यानें, मग आणखी एका-दोघांसह, आणि शेवटीं मंडळीपुढें जाण्यास सांगितलें, तो त्यानेंच घातलेला लगाम होय. या पायऱ्या सोडून पंचायत बसवूं नका, व पहिली पायरीच टाळून वर्षें घालवूं नका.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें भाग आहे. आम्ही रोगाची उपमा पापास दिली. रोग्यास पापी म्हटलें नाहीं. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं तसें विचारलें तेव्हां प्रभूनें तो तर्कच फेटाळला. कोणा बहिणीच्या छातींत गांठ लागली, तर हें कोणाच्या पापाचें फळ अशी कुजबुज करूं नका, व भगताच्या अंगाऱ्यावर महिने घालवूं नका. ती लाजत असेल तर पाळकाच्या पत्नीनें तिजबरोबर बसावें, प्रार्थना करावी, आणि त्याच आठवड्यांत तिला जिल्ह्याच्या इस्पितळांत घेऊन जावें.