वानरास दिलेले केळे

दान हे पुण्यकर्म होय, याविषयी आपणा कोणाचेच दुमत नाही. परंतु ज्या दानाने घेणाऱ्याचे अहित होते, त्यास दान म्हणावे काय? हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात मेळघाटाच्या प्रवासात आमच्यापुढे उभा राहिला. तो आपल्या मंदिराच्या सभासद कुटुंबांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही तिघे स्नेही दोन मोटारसायकलींवरून पलासियाहून पहाटे निघालो. घाट उतरून, मोरटक्क्यास नर्मदामाईला नमस्कार करून, खंडव्यावरून धारणी गाठली. तेथून परतवाड्याकडे जाणारा रस्ता सातपुड्याच्या अरण्यातून जातो. हा सारा प्रदेश अग्नीतून जन्मलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून तप्त रस वर येऊन थरावर थर साचला. दख्खनचे पठार व आपला माळवा त्यातूनच घडला. या थरांच्या डोंगरांना दुरून पायऱ्यांचा आकार दिसतो, म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांस पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ‘ट्रॅप’ असे नाव दिले. त्याच खडकाच्या झिजेतून माळव्याची काळी माती झाली आणि त्याच खडकावर मेळघाटातील सागाचे अरण्य उभे आहे.

व्याघ्रप्रकल्प १९७३ साली सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होते; पुढे १९८७ साली त्यातील एका भागास गुगामल राष्ट्रीय उद्यान हा दर्जा मिळाला. वाघ, रानगवे, सांबरे व अस्वले यांची ती वसतिभूमी. आमचा मार्ग मात्र सार्वजनिक रस्त्याचा होता.

त्या दिवशी शनिवार होता. एका वळणावर वानरांचा कळप बसलेला दिसला. मारुतिरायाचे स्मरण होऊन आम्ही गाड्या थांबविल्या व शिदोरीतील केळी आणि गूळ-फुटाणे त्यांच्यापुढे टाकले. पलीकडच्या झाडांवरूनही काही वानरे धावत आली. इतक्यात वळणावरून मालमोटार आली. चालकाने शर्थ केली, तरी एक पिलू चाकाखाली सापडले. त्याच्या आईने ते उचलून छातीशी धरले व ती सागावर चढली. आमच्या हातात अजून दोन केळी होती.

पुढच्या गावी चहाच्या टपरीवर एका वृद्ध कोरकू गृहस्थांस आम्ही हे सांगितले. ते रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, “तुम्ही केळी देऊन घरी जाल. ती उद्याही रस्त्यावरच बसतील.”

या वाक्याने आमची झोप उडविली. वानर हा मुख्यतः पाने खाऊन जगणारा प्राणी. त्याच्या जठराचे अनेक कप्पे असतात, त्यांत पाने आंबून मग पचतात; गोडधोड त्यास मानवत नाही. शिवाय अरण्यात त्याचे काम आहे. तो झाडावरून पाने व फळे खाली टाकतो, ती चितळे खातात. वाघ दिसताच तो ओरडतो, तेव्हा चितळे सावध होतात. तोच वानर लाडवाच्या आशेने सडकेवर येऊन बसला, तर त्या झाडाखालच्या चितळांचा पहारेकरी गेला. आम्ही भूक भागविली नव्हती. नको ती सवय लावली होती.

घरी परतल्यावर हे तीर्थरूपांच्या कानी घालताना आम्हांस संकोच वाटला. ओंकारेश्वरास जाताना वाटेतील वानरांना फुटाणे टाकण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. ते बराच वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, “अरे, गणपतीला आपण तुळस वाहत नाही, शंकराला केवडा वाहत नाही. देवाला काय वर्ज्य, हे पाहूनच पूजा करायची. मग देवाच्या जीवाला काय वर्ज्य, हे मी कधी पाहिलेच नाही.” त्या दिवसापासून त्यांचा नेम बंद आहे.

कोणी म्हणेल, गोग्रास व काकबळी हेही धर्मानेच सांगितले आहेत. खरे, परंतु गाय आपल्या आश्रयाने राहते, वानर अरण्याच्या आश्रयाने. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानास देश, काल व पात्र यांची अट घातली आहे. आमच्या केळ्यास पात्र चुकले आणि देशही चुकला. मग ते दिले कोणासाठी? आमच्याच समाधानासाठी, हे कबूल करावे लागते. वानर हातातून केळे घेतो तेव्हा आपणांस धन्यता वाटते, आणि त्या धन्यतेच्या भरात पुढून येणारी मालमोटार दिसत नाही.

म्हणून सभासद बंधुभगिनींस नम्र विनंती की पातालपाणी, जानापाव वा ओंकारेश्वर, कोठेही जाताना वानरांसाठी शिदोरी नेऊ नये. तो शिधा मंदिराच्या अन्नदानास द्यावा. मुलांनी हट्ट धरला, तर त्यांस हे पिलू सांगावे. हात आखडता घेणे हेही क्वचित् दानच असते. ते देताना मनास जड जाते, एवढाच त्यात फरक.