हरतालिकेचा राग कुणाचा?

भाद्रपद शुद्ध तृतीयेला रत्नागिरी तालुक्यातल्या पालीच्या तिठ्यावर पाय ठेवायला जागा नसते. मुंबई-गोवा महामार्गावरून चाकरमान्यांच्या गाड्या एकीला एक लागून येत असतात. आंबा घाटातून कोल्हापूरला जाणारा रस्ताही इथूनच फुटतो, त्यामुळे एसट्यांची भर वेगळीच. बाजारात गणपतीवरच्या माटवीला बांधायची कवंडळं, तेरडा, नारळ. उद्या गणपती. आणि नेमकी आजच हरतालिका.

ज्या घरांत हा उपास कडक पाळतात, तिथली सून पहाटेच उठलेली असते. पाण्याचा थेंब नाही, चहा तर नाहीच. येणाऱ्या माणसांची अंथरुणं काढायची, मोदकाच्या पिठीची तयारी करायची आणि स्वतः उपाशी राहून बाकीच्यांना वाढायचं. दुपारी चारच्या सुमाराला धाकटं पोर दुधाचं पातेलं लवंडतं आणि तिचा हात उठतो. पडवीतून सासू हळहळते, "आज तरी नको गो रागावूस, उपास फुकट जायचा."

सासू हे मायेनेच म्हणते. पण त्या एका वाक्यात धर्मातला फार जुना प्रश्न आहे. राग आला तो कुणाला? त्या बाईच्या मनाला, की उपाशी देहाला? आणि देहाला आला असेल, तर पुण्य मात्र तिच्या खात्यातून का वजा व्हावं?

त्या वेळी तिच्या देहात काय चाललेलं असतं, ते आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. यकृतात साठवलेली साखर साधारण एक दिवस पुरते. ती ओसरू लागली की रक्तातली पातळी सांभाळण्यासाठी स्वादुपिंडातून ग्लुकागॉन आणि मूत्रपिंडांवरच्या अॅड्रेनल ग्रंथींतून अॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल जास्त प्रमाणात सुटतात. यांतली शेवटची दोन रसायनं माणूस घाबरला, चिडला, संकटात सापडला कीही उसळतात. रोजच्या जेवणाच्या वेळेला जठरातून ग्रेलिन हे भुकेचं हार्मोन वर चढतं. मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधलं. त्यात चहा चुकलेला. रोज कॅफिनची सवय असलेल्या मेंदूला ते मिळालं नाही की डोकं धरतं, चिडचिड होते. घरात याला 'पित्त चढलं' म्हणतात. पित्त म्हणा, कॉर्टिसॉल म्हणा, त्या क्षणी तिचा देह धोक्याच्या तयारीत उभा असतो, आणि अशा देहाला सांडलेलं दूधसुद्धा संकट वाटतं.

अन्नाचा आणि मनाचा हा संबंध भारतीय विचाराला नवा नाही. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस न जेवता राहायला सांगतो. पाणी हवं तेवढं प्यावं, एवढीच सवलत. सोळाव्या दिवशी बाप त्याला वेद म्हणायला सांगतो, तर बारा वर्षं गुरुगृही राहून पाठ केलेल्यातलं काहीच आठवत नाही. बाप म्हणतो, जेव. मुलगा जेवून येतो आणि विचारलेलं सगळं धडाधड सांगतो. मन अन्नाचं बनलेलं आहे, हे उद्दालकाला शिकवायचं होतं, आणि ते त्याने उपदेश करून शिकवलं नाही. अन्न काढून घेतलं, स्मृती तपासली, अन्न परत दिलं, पुन्हा तपासली.

या गोष्टीतली मोलाची खूण अशी की श्वेतकेतूचं ज्ञान नाहीसं झालं नव्हतं, ते हाताला लागत नव्हतं. डॉमिनिक द कर्व्हाँ आणि जेम्स मॅगॉ यांच्यासारख्या संशोधकांनी १९९८ मध्ये उंदरांवर आणि २००० मध्ये माणसांवर केलेल्या प्रयोगांत हाच फरक दिसला. लोकांना काही शब्द शिकवले. दुसऱ्या दिवशी आठवण तपासण्याच्या तासभर आधी कॉर्टिसोनची गोळी दिली, तेव्हा त्यांना शब्द कमी आठवले. तीच गोळी शिकण्याआधी दिली, तर असा परिणाम दिसला नाही. स्मृतीसाठी मोलाची कामगिरी करणाऱ्या, मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये या तणावाच्या हार्मोनना धरून ठेवणाऱ्या जागा भरपूर आहेत, हे ब्रूस मॅक्इवेन यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये कोरा झालेला आणि बाहेर पायरीवर येताच सगळं आठवणारा विद्यार्थी खोटं बोलत नसतो.

म्हणून उपनिषदांत हार्मोन होते, असं म्हणण्याचा मोह मात्र टाळावा. उद्दालकाला कॉर्टिसॉल ठाऊक नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. शिवाय दीर्घ उपासात यकृत चरबीपासून कीटोन बनवतं आणि मेंदू बराचसा त्यांवर चालतो, हे जॉर्ज केहिल यांच्या चमूने १९६७ मध्ये सिद्ध केलं. काही दिवस उपाशी राहिलेली माणसं डोकं हलकं, स्वच्छ वाटतं म्हणतात, त्याला आधार असू शकतो. श्वेतकेतूची कथा शब्दशः घेण्यापेक्षा तिचा रोख घ्यावा: आठवण आणि भावना देहाच्या बाहेर कुठे तरंगत नाहीत.

याच उपनिषदात पुढे, सातव्या अध्यायात, आहार शुद्ध असेल तर चित्त शुद्ध होतं आणि स्मृती स्थिर होते, असा विचार येतो. आहार म्हणजे काय, यावर आचार्यांचं एकमत नाही. रामानुजाचार्य अन्नाचा अर्थ धरतात. शंकराचार्य मात्र इंद्रियांतून आत येतं ते सगळं आहारात मोजतात. आजच्या घडीला शंकराचार्यांचा अर्थ अधिक उपयोगी वाटतो, कारण कानांतून आणि डोळ्यांतून आत गेलेला ताण तोंडातून काय आत जाईल तेही ठरवतो. एलिसा एपेल यांच्या २००१ च्या अभ्यासात, तणावाच्या प्रसंगी ज्या स्त्रियांचं कॉर्टिसॉल जास्त वाढलं, त्यांनी नंतर जास्त खाल्लं, आणि त्यांचा ओढा गोडाकडे होता. मेरी डॅलमन यांनी २००३ मध्ये असं मांडलं की चिवट ताणात गोड-तेलकट खाणं ही देहाने स्वतःला शांत करण्याची खटपट असते. 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणून हसण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवं. साबुदाण्याच्या खिचडीवर पडलेला दुसरा हात नेहमी जिभेच्या लोभाचाच असतो, असं नाही.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांवर केलेला अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग या प्रश्नाला थेट भिडतो. हे तरुण युद्धात शस्त्र धरायला नकार देणारे होते, त्यांतले पुष्कळ धर्मश्रद्धेमुळे. युद्धाने उपाशी पडलेल्यांना पुन्हा कसं जेवतं करावं हे जगाला कळावं म्हणून ते आपण होऊन आले होते. सहा महिने त्यांना गरजेच्या निम्मंच अन्न मिळालं आणि वजन सुमारे चौथाईने घटलं. निग्रही, सोशिक म्हणून आलेले हे लोक चिडके, उदास, एकलकोंडे झाले. दिवसभर अन्नाचाच विचार. काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवली. कुणी चोरून खाल्लं आणि प्रयोगातून बाहेर पडलं. त्यांची श्रद्धा उणी होती असं कोण म्हणेल?

मग संकल्पाला जागाच उरत नाही का? उरते, आणि त्याचं उत्तर याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. भूक त्यांनाही लागली असणार, देहाची रसायनं त्यांच्यासाठी वेगळी नव्हती. पण तो उपास त्यांनी स्वतः निवडला होता, त्याला हेतू होता, आणि त्या दिवसांत पंधरा पाहुण्यांचा स्वयंपाक त्यांच्या माथी नव्हता. ताण किती घातक ठरतो हे तो आपण होऊन पत्करला की वरून लादला गेला यावरही अवलंबून असतं.

भावना स्मृती अडवते तशी ती कोरूनही ठेवते. आईची लहानपणापासूनची आठवण साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' म्हणून कागदावर उतरवली. लॅरी केहिल आणि मॅगॉ यांच्या १९९४ च्या प्रयोगात अॅड्रेनलिनचा प्रभाव रोखणारं औषध घेतलेल्यांना कथेतला हृदयद्रावक भाग इतरांइतका ठसठशीत आठवला नाही. गरिबीत वाढलेल्या मुलाच्या मनात आईचा शब्द न शब्द का राहिला, त्याचं थोडं उत्तर तिथे आहे. थोडंच, उरलेलं प्रेमाचं आहे.

मन देहाच्या रसायनांनी हलतं, हे ऐकून धर्म खचेल अशी भीती काहींना वाटते. सांख्य तत्त्वज्ञांना ती वाटली नसती. त्यांनी मन, बुद्धी आणि अहंकार तिन्ही प्रकृतीच्या बाजूला टाकले. पुरुष, म्हणजे चैतन्य, फक्त साक्षी. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्म गुणांकडून घडतं आणि 'मी केलं' हे अहंकार म्हणतो. दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून क्रोधापर्यंत आणि क्रोधातून स्मृतिनाशापर्यंत उतरत जाणारी साखळी आहे, तर सहाव्यात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. हे सगळं मानलं, तर माणसाची जबाबदारी थोडी मागे सरकते. ज्या क्षणी हात उठला, त्या क्षणापेक्षा ती सकाळच्या निवडीत जास्त असते: उपास कसा धरायचा, त्या दिवशी किती कामं अंगावर घ्यायची. आणि ती एकट्या उपाशी बाईची उरत नाही. तिच्यावर कामं टाकणाऱ्या साऱ्या घराचा त्यात वाटा येतो. तिचा उपास रागाने फुकट गेला, हा निवाडा शास्त्राच्या दृष्टीनेही कच्चा आहे.

शास्त्र तितकं निष्ठुर नव्हतंच. चिपळूणजवळ जन्मलेले भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिला, त्याच्या पाचव्या खंडात व्रतांचा विस्ताराने विचार आहे. परंपरेत व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या जातात. त्यांत पाणी, मुळं, फळं, दूध आहे, गुरूचं वचन आहे आणि औषधही आहे. एकादशीचा उपास आठ वर्षांखालच्यांना आणि ऐंशी पूर्ण झालेल्यांना लागू नाही, आणि न झेपणाऱ्यासाठी एकभुक्त (दिवसा एकदाच जेवण), नक्त (फक्त रात्रीचं जेवण), फलाहार असे पर्याय आहेत. गावोगावच्या सप्ताहांत कीर्तनकार व्रतांची फळं रंगवून सांगतात, तशा या सवलतीही व्यासपीठावरून सांगायला हव्यात.

विशेषतः मधुमेह असलेल्यांसाठी. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं की रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस विनाकारण ओरडतो, बोलणं घसरतं. घरचे म्हणतात, वय झालं, स्वभाव बिघडला. तो शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर त्याला त्या घडीला साखरेचं पाणी द्यायचं असतं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. आणि चातुर्मास लागण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळीची मात्रा व वेळ ठरवून घ्यायची.